फायनलपर्यंत तरी थांबा राजेहो! न्यूज चॅनलवाल्यांना एका कबड्डी पंचाचं खुलं पत्र

प्रति,
मराठी न्यूज चॅनलचे संपादक साहेब, सगळे अँकर ताई-दादा, आणि रोज संध्याकाळी डिबेटच्या चौकटीत येऊन बसणारे सगळ्या पक्षांचे प्रवक्ते

रामराम.

ओळखपाळख मागाहून करू, पहिले जे कित्येक महिन्यांपासून डोक्यात घोळून राह्यलं ते विचारून घेतो. २०२५ च्या जुलैत कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात बसून मोबाईलवर रमी खेळत होते असा व्हिडिओ बाहेर आला. ते म्हणाले मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात स्किप करत होतो. त्याच्यावर तुम्ही जे काही दिवसरात्र चालवलं ते आम्ही पानठेल्यावर खर्रा घोटून होईपर्यंत सगळं पाहिलं, स्क्रीनवर पत्ते काय उडत होते, राजा काय, राणी काय. चला ठीक आहे, मंत्र्यानं उत्तर द्यायलाच पाहिजे, त्याबद्दल आपली काही तक्रार नाही. शेवटी ३१ जुलैला त्यांचं खातं बदललं. कृषी काढलं. आणि दिलं काय, तर क्रीडा! आणि तुमचा सगळ्यांचा सूर एकच, दणका बसला, पंख छाटले, साइडला टाकलं.

म्हणजे क्रीडा खातं ही शिक्षा आहे का हो?

त्याच्या तीनच दिवस आधी, २८ जुलैला, आमच्या नागपूरची दिव्या देशमुख तिकडं जॉर्जियात बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकली, ग्रँडमास्टर झाली, एकोणीस वर्षांची पोट्टी. तिचा जल्लोषही तुम्हीच केला, घरी जाऊन पेढे भरवणाऱ्यांचे शॉट घेतले, कसं वाटतंय म्हणून विचारलं. मग सोमवारी ज्या खेळासाठी नाचले त्याचंच खातं गुरुवारी दंड म्हणून दिलं जाते, हे एकाही अँकरला खटकलं नाही? खेळाच्या खात्यात नेमकं काम काय असते, बजेट किती, तालुक्याच्या क्रीडा संकुलाचं काय झालं, एक प्रश्न नाही. मी रात्री साडेदहापर्यंत रिमोट हातात धरून वाट पाहिली ना बापा, बायको म्हणे आता झोपा.

आता ओळख. मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यातला कास्तकार. कापूस, तूर, सोयाबीन. आणि दिवाळीपासून होळीपर्यंत रात्री गावोगावी कबड्डीच्या खुल्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. मानधन म्हणाल तर पेट्रोलचं निघते, कधी तेही नाही, पण शिट्टी सुटत नाही. मी काही पत्रकार नाही, लेखक नाही, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

या सीझनला एका गावात सामने होते. गावाचं नाव नाही घेत, उगाच आयोजक पोरांना त्रास. मातीचं मैदान, पाणी मारून रोलर फिरवून मस्त केलेलं, फक्कीनं आखलेल्या रेषा, चारी कोपऱ्यांवर हॅलोजन, थंडी अशी की प्रेक्षकांत सगळे कानटोप्या घालून. क्वार्टर फायनल चालू असताना निरोप आला की साहेब येऊन राह्यले, सामना थांबवा. थांबवला. साहेब आले पाऊण तासानं, पाच-सहा गाड्या, मागं पोट्टे, मागं कॅमेरा. शाल, श्रीफळ, भाषण, मग दुसऱ्या साहेबांचं भाषण. इकडं खेळाडू हाफ पँट-बनियनवर मैदानाच्या कडेला उकिडवे बसलेले, अंग गार पडलेलं. कबड्डी खेळलेल्या माणसाला विचारा गार अंगानं पकड करायला गेलं की गुडघ्याचं काय होते ते. त्यातल्या एकाचा गुडघा त्या रात्री गेलाच.

मग कोणीतरी म्हणालं, साहेब एक चढाई होऊन जाऊ द्या. साहेबांनी चपला काढल्या, कुर्ता खोचला, उतरले. समोरच्या पोरांना आयोजकांनी आधीच डोळा मारलेला. साहेब मध्यरेषा ओलांडून गेले, दोन वेळा कबड्डी कबड्डी म्हणाले आणि मधातच हसले, मागं वळून कोणाला तरी म्हणाले "अरे काढ ना शूटिंग". आता नियम असा आहे की चढाई करणाऱ्याचा दम तुटला, तोंडातलं कबड्डी थांबलं, की चढाई संपली. मी शिट्टी मारली. हात वर केला, चढाई बाद. सवय आहे हो, हात आपोआप जाते. एक सेकंद सगळं शांत, मग पब्लिक असं हसलं की साहेबही हसले, माणूस वाईट नाही, म्हणाले पंच कडक आहे. पण त्यांनी तेवढ्यात चार पोट्ट्यांना हात लावून घेतला आणि ते चारही गडी आपणहून बाहेर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी तुमच्यापैकी एका चॅनलवर बातमी. नेत्यानं मैदान गाजवलं, एका चढाईत चार गडी बाद. शिट्टी कापलेली. मी फ्रेममध्ये अर्धा दिसतो, हात वर केलेला, तो पॉइंट देऊन राह्यलो असं वाटावं अशा ठिकाणी कट मारलेला! माझ्या साळ्याचा फोन आला, म्हणे भाऊजी तुम्ही टीव्हीवर.

पण मला राग त्याचा नाही. राग याचा आहे की साहेबांच्या गाड्या निघाल्या आणि त्यांच्या मागं कॅमेराही निघून गेला. सेमीफायनल राहिलेली. फायनल राहिलेली. त्या फायनलमध्ये शेवटची दोन मिनिटं राहिली असताना एका टीमचे अंगणात दोनच गडी उरले होते, लोण बसणार, म्हणजे सगळे गडी बाद होणार हे सगळे धरून चालले होते, आणि त्या दोघांतला एक, जो दिवसभर जिनिंगवर गाठी उचलतो, त्यानं समोरच्या टीमच्या सगळ्यात तगड्या चढाईपटूचा घोटा असा धरला की तो मध्यरेषेपासून वीतभर अलीकडं आडवा. सुपर टॅकल, म्हणजे कमी गड्यांत केलेली पकड, दोन पॉइंट. रात्रीचे पावणेदोन वाजले होते, म्हाताऱ्या बाया घोंगडी पांघरून उभ्या होत्या त्या ओरडत होत्या. एका पॉइंटनं सामना गेला त्यांच्याकडं. ही बातमी होती राजेहो. ही सोडून तुम्ही काय नेलं तर साहेबांचा खोचलेला कुर्ता.

तुमच्या इथल्या बातमीदाराला मी दोष देत नाही, आमच्याच तालुक्यातला पोरगा आहे. त्याला विचारलं, भाऊ थांबत काऊन नाही तू फायनलपर्यंत. तो जे बोलला ते तुम्हाला माहीत असलंच पाहिजे, तरी लिहितो. त्याला महिन्याचा पगार नाही. बातमी लागली तर पैसे, नाही लागली तर स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल. बूम (चॅनलचा माईक) आणि आयकार्ड मिळालं ते जाहिराती आणायच्या बोलीवर. वाढदिवस, पंधरा ऑगस्ट, दिवाळी. आणि जाहिरात कोण देते आमच्याकडं? गाठी उचलणारा पोट्टा देणार आहे का? ज्याची जाहिरात त्याच्या गाडीमागं कॅमेरा. म्हणजे तुमच्यापर्यंत आमच्या तालुक्यातून जे काही येते ते अशा गाळणीतून येते, आणि मग तुम्ही स्टुडिओत बसून म्हणता ग्राउंड झिरोवरून.

याच्यावर तुम्ही म्हणाल की खेळाला प्रेक्षक नाही. असं कसं? आमच्याकडं शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत असली तर पन्नास गावचे लोक बंड्या, ट्रॅक्टर, मोटरसायकली घेऊन येतात, २०१४ ला सुप्रीम कोर्टानं पट बंद केला, २०२१ च्या डिसेंबरात परत परवानगी मिळाली, त्या दिवशी लोकांनी गावात फटाके फोडले. तळेगाव दशासरचा पट कोणाला माहीत नाही? तुमच्याकडं मात्र बैलगाडा शर्यत म्हटलं की घाटावरची, पश्चिम महाराष्ट्रातलीच दिसते. आमचा धुरकरी, पटात बैल हाकणारा, एकेक सेकंदासाठी जीव टाकते, ते दाखवायला काय हरकत आहे.

१९ ऑगस्ट २०२५ हा एक दिवस घेऊ, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे कळेल. त्या दिवशी मुंबईत धो धो पाऊस, मोनोरेल मधातच अडकली, लोक आत अडकून पडले, ते दाखवायलाच पाहिजे होतं, दाखवलं, बरोबर केलं. त्याच दिवशी आशिया कपची टीम जाहीर झाली. श्रेयस अय्यर काऊन नाही यावर तुमच्याकडं रात्रभर घमासान. आता त्याच टीममध्ये आमच्या अमरावतीचा जितेश शर्मा होता, तोच ज्यानं त्या सालच्या मे महिन्यात आयपीएलला लखनौविरुद्ध ३३ बॉलमध्ये नाबाद ८५ मारले होते, बेंगळुरूचा कॅप्टन म्हणून, २२८ चेस करताना. जो बाहेर राहिला त्याच्यावर तासभर, जो आत आला त्याच्यावर एक ओळ, तेही मी पाहिलं त्या चॅनलवर नाव उच्चारताना अडखळत. आणि तिसरी गोष्ट, त्याच १९ तारखेपासून केंद्रानं बाहेरच्या कापसावरची ११ टक्के इम्पोर्ट ड्युटी माफ केली. पहिले ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आमची पऱ्हाटी (कापसाचं झाड) फुटायच्या आत बाहेरच्या गाठींना दार उघडं, आणि आमचा कापूस घरात येईपर्यंत ते उघडंच. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, या सगळ्या पट्ट्याचं वर्षाचं गणित त्या एका कागदानं हललं. तुमच्याकडं ते खालच्या पट्टीत पळालं. मी डोळे बारीक करून वाचलं म्हणून कळलं.

मग दिवाळीनंतर हमीभाव ८११० असताना खाजगीत त्याच्या खाली कापूस काऊन मागतात हे शेजारचा मले विचारत होता. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला द्यावा तर ॲपवर नोंदणी करा, स्लॉट घ्या, ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. त्यानं टीव्हीवर सगळ्या बातम्या पाहिल्या होत्या, पण ड्युटीची त्याला माहीतच नव्हती. सप्टेंबरात सोयाबीन वावरात सडून शेंगेला कोंब फुटत होते तेव्हा तुमच्याकडं आशिया कपची ट्रॉफी कोणाच्या हातून घेतली नाही आणि ती कोण घेऊन गेलं हेच चालू होतं. मीही ती मॅच पाहिली, तिलक वर्मा काय खेळला पोट्टा! पण मॅच एका रात्रीत संपली आणि ट्रॉफी तुमच्याकडं आठवडाभर पुरली.

क्रिकेटचंच म्हणाल तर रणजी घ्या. २ मार्च २०२५ ला जामठ्याच्या स्टेडियमवर विदर्भ तिसऱ्यांदा रणजी जिंकला, केरळसोबत मॅच ड्रॉ, पहिल्या डावातल्या ३७ रनांच्या लीडवर. त्याच दिवशी दुबईत भारत-न्यूझीलंड मॅच होती हे मान्य. पण पाच दिवस मॅच चालू होती हो. हर्ष दुबेनं एका सीझनमध्ये ६९ विकेट घेतल्या, रणजीच्या इतिहासात तेवढ्या कोणी घेतल्या नव्हत्या, यश राठोडनं ९६० रन काढले. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही वानखेडेवर मुंबईकडून १६९ रनांनी हरलो होतो तेव्हा तुमचे कॅमेरे गेटवर उभे होते. हरायला मुंबईत आलो तर दिसतो, जिंकलो नागपुरात तर नाही. (बाकी वेगळा विदर्भ क्रिकेटात कधीचाच झाला आहे, तिथं कोणी आंदोलन केलं नाही आणि कोणाचं काही बिघडलंही नाही. असो, तो विषय काढला की घरातच भांडण लागते.)

एक गोष्ट पंच म्हणून मनाला लागली ती सांगतो. फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेनं पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या कुस्तीत चितपट दिली ती त्याला मान्य नव्हती. ती लाथ तुम्ही किती वेळा दाखवली? स्लो मोशन, लाल गोल, बाण. माझी पोरगी म्हणाली बाबा तुम्हालाही मारतील का. पण दोन्ही खांदे टेकले होते की नव्हते, चितपट कशाला म्हणतात, निर्णय पटला नाही तर दाद कोणाकडं मागायची, हे एखाद्या जुन्या वस्तादाला बसवून दहा मिनिटं समजावून सांगितलं असतं तर लोकांना काहीतरी कळलं असतं. मी पाहिलं तिथं तर डिबेटला दोन पक्षांचे प्रवक्ते! कुस्तीच्या डिबेटला! एक म्हणे तुमच्या सरकारच्या काळात, दुसरा म्हणे तुमच्या.

तर आता प्रवक्ते मंडळी, तुमच्याकडं वळतो. तुमच्या डिबेटमध्ये मधूनमधून आमचा एखादा शेतकरी नेता, एखादा सरपंच फोनवर घेता. कबड्डीत चढाईला ३० सेकंद मिळतात, त्याला तेवढेही मिळत नाहीत, त्याचा दम सुरू व्हायच्या आत तुम्ही तिघं अंगावर. बच्चू कडूंनी २०२५ च्या ऑक्टोबरात नागपुरात हायवे अडवला तेव्हाच कुठं कर्जमाफीवर तुम्ही सलग दोन दिवस बोलला, त्यातही अर्धा वेळ ट्रॅफिक जाम किती किलोमीटर यावर. रस्ता अडवल्याशिवाय बातमी नाही हे तुम्ही पोरांना शिकवून राह्यले, मग उद्या पोरं रस्त्यावर आले की तुम्हीच म्हणणार कायदा हातात घेतला.

आणि तुमचं आपसातलं भांडण किती खरं किती खोटं हेही एकदा सांगून टाका. २०२२ ला मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या निवडणुकीत राष्ट्रवादीचे शरद पवार आणि भाजपचे आशिष शेलार यांचं पॅनल एकत्र उतरलं होतं. क्रिकेटसाठी बसता येते ना एका बाकावर? चांगलं आहे, बसा. पण इकडं आमच्या गावात शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, आणि तुमचे डिबेट पाहून पाहून आमचं एकच कबड्डी मंडळ होतं त्याचे दोन मंडळं झाले. चांगले चढाईपटू एकीकडं, चांगले पकडवाले दुसरीकडं, दोन्ही टीम पहिल्याच राउंडला बाहेर. एका घरातले दोन भाऊ दोन मंडळांत, जेवायला वेगवेगळ्या वेळी बसतात. तुम्ही डिबेट संपल्यावर कॉफी घेता म्हणे सोबत. ती दाखवा ना एकदा लाइव्ह, कदाचित आमचं मंडळ तरी एक होईल.

हिवाळी अधिवेशनाचं तर बोलायलाच नको. १९५३ च्या नागपूर करारानं दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात आलं. २०२५ ला ते चाललं ८ ते १४ डिसेंबर, सात दिवस. त्या सात दिवसांत तुमच्या ओबी व्हॅन विधानभवनाच्या बाहेर, पायऱ्यांवरचं आंदोलन, कोणी कोणाला डोळा मारला, कोणत्या मंत्र्यानं कुठं सावजी खाल्लं. विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, २०२२ ला मंत्रिमंडळानं ते परत आणायचं ठरवलं, पुढं काय झालं हे त्या पायऱ्यांवर कोणाला तरी बूम लावून विचारायचं होतं. सगळेच तर तिथं उभे होते.

निवडणुकीत आमच्या शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरलं होतं, त्याच्यासाठी कबड्डीचं मैदान खोदून डांबर-गिट्टी टाकली. साहेब वीस मिनिटं थांबले. ती गिट्टी वेचून काढायला आम्हाला पुढचे दोन महिने लागले, अजूनही पावसात एखादी वर येते आणि पोराची ढोपरं फोडते. सभेची बातमी तुम्ही दाखवली. गिट्टीची राहिली.

मागणी काही मोठी नाही. आमच्या बाजार समित्यांचे रोजचे भाव, हिंगणघाटचा कापूस, कारंजा-वाशिमचं सोयाबीन, हे खालच्या पट्टीत सेन्सेक्सच्या शेजारी फिरवा, पैसे लागत नाहीत त्याला. कोणत्याही सामन्याला कॅमेरा पाठवला तर सेमीफायनलपर्यंत तरी थांबवा आणि जिंकलेल्या टीमच्या एका पोराचं नाव बातमीत घ्या, मग साहेबांचा कुर्ता दाखवा खुशाल. खेळावर डिबेट ठेवली तर खेळलेला माणूस बसवा. आणि मंत्र्याला क्रीडा खातं मिळालं की त्याला एकदा तरी विचारा, साहेब तालुक्याच्या संकुलाला कुलूप काऊन आहे.

माझी शिट्टी कापल्याचं मी सोडून दिलं. पण तुमच्यापैकी ज्याचा कोणाचा हा पोरगा आहे त्यांनी त्याचे मागच्या दिवाळीपासूनचे बातम्यांचे पैसे तेवढे पाठवून द्या, त्याच्या गाडीचा हप्ता थकला आहे आणि पुढच्या शनिवारी परत सामने आहेत.

आपला,
एक कबड्डी पंच, जिल्हा यवतमाळ